जुन्या ट्रॅक्टरची ओढ कमी का होते?
इंजिन उघडण्यापूर्वी करावयाची तपासणी

अहिल्यानगर शहराला लागून असलेल्या भिंगारच्या परिसरात रब्बी ज्वारीची पेरणी ही वाफशाची पेरणी होय. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत परतीचा पाऊस जी ओल देतो, तिच्यावरच पुढील सारे पीक उभे राहावयाचे असते. वाफसा आला की मशागत व पेरणी थोड्या दिवसांत उरकावी लागते. अशा वेळी ट्रॅक्टर अडखळू लागला, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे होत नाही. ओल उडून जाते आणि हंगाम हातचा जातो.

अनेक शेतकऱ्यांकडील ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षांचे झालेले आहेत. असा ट्रॅक्टर चढावर दम टाकू लागला, धूर ओकू लागला किंवा जागच्या जागी थरथरू लागला, की ‘इंजिन बसले’ असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. मग इंजिन खोलणे, स्लीव्ह, पिस्टन व रिंगा बदलणे असे मोठे काम निघते. कित्येकदा एवढे करूनही मूळचा दोष तसाच राहतो, कारण तो इंजिनाच्या पोटात नसून बाहेर, हवेच्या किंवा डिझेलच्या वाटेवर असतो. यासाठी एक नियम ध्यानात ठेवावा : जी तपासणी बिनखर्चाची व इंजिनाच्या बाहेरची, ती आधी, इंजिन उघडणे सर्वांत शेवटी, आणि तेही पुरावा हाती आल्यावरच. ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याचे विवेचन या लेखात केले आहे.

इंजिनाच्या चार गरजा

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की तिचे आकारमान सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शाएवढे उरते. या दाबाने हवा पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा अतिसूक्ष्म फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेले हे तत्त्व आजही तेच आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनात काय अथवा विहिरीवरील ऑइल इंजिनात काय, काम याच रीतीने चालते.

यावरून इंजिनाच्या चार गरजा स्पष्ट होतात : पुरेशी हवा, पुरेसे व स्वच्छ डिझेल, पुरेसा दाब आणि फवाऱ्याची अचूक वेळ. ओढ कमी होण्याचे कोणतेही कारण घेतले तरी ते या चारांपैकी कोठे ना कोठे बसते. पैकी हवा व डिझेल यांची तपासणी शेतकरी स्वतः करू शकतो. दाब व वेळ यांची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडून करवून घ्यावी.

दोष इंजिनाचाच आहे काय?

प्रथम ही खात्री करून घ्यावी. ट्रॅक्टर सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभा करून हाताने ढकलून पाहावा. तो जड जात असेल, तर ब्रेक धरून राहत असण्याचा संभव आहे. काम करून आल्यावर एका बाजूचा ब्रेक ड्रम दुसऱ्यापेक्षा फार तापलेला आढळला, तरी तोच अर्थ होतो. चाकांतील हवा कमी असणे, नांगर वाजवीपेक्षा खोल लागणे, फाळ बोथट होणे यांमुळेही इंजिनावर भार वाढतो आणि दोष मात्र इंजिनावर येतो.

क्लच घसरण्याची खूण निराळी आहे. भार पडताच इंजिनाचा वेग उतरत नाही, उलट तो चढतो, परंतु ट्रॅक्टर पुढे सरत नाही व जळका वास येतो. येथे इंजिन सशक्त आहे. त्याची शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

हाताने चालविण्याचा ॲक्सिलरेटर पूर्ण ओढल्यावर पंपावरील लिव्हर शेवटच्या टोकापर्यंत जातो की नाही, हेही डोळ्यांनी पाहावे. जुन्या ट्रॅक्टरच्या सांध्यांना व दांड्यांना झीज होऊन लिव्हर अर्ध्यावरच थांबतो. त्या वेळी इंजिनाला डिझेल कमी मिळते आणि ओढ निम्मी वाटते.

‘आमच्याकडे हवाच विरळ’ असेही एक कारण सांगण्यात येते. अहिल्यानगरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असून येथील हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते, हे खरे आहे. तथापि ती गेल्या वर्षीही तेवढीच विरळ होती. यंदा एकाएकी आलेली अशक्तता तिच्या माथी मारता येत नाही.

अडखळणे आणि अशक्त होणे : दोन निराळी दुखणी

निदानाचा अर्धा भाग एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. इंजिनाचा आवाज एकसारखा असून केवळ ओढ कमी झाली आहे काय, की आवाजच तुटक झाला असून इंजिन थरथरते आहे?

तीन सिलिंडरचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी मंद चालत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा व तिन्ही मिळून १,२०० वेळा पेट घेतात. हे ठोके समान अंतराने पडतात, म्हणून आवाज अखंड वाटतो. एक सिलिंडर निकामी झाला की दर तिसरा ठोका चुकतो आणि इंजिन लंगडू लागते. यालाच मिस्त्री ‘मिसिंग’ म्हणतात. अशा वेळी शक्ती एक तृतीयांशाहूनही अधिक घटते, कारण उरलेल्या दोन सिलिंडरांना तिसऱ्याचे पिस्टन फुकट ओढावे लागते.

तेव्हा आवाज तुटक असेल, तर दोष बहुधा एखाद्या सिलिंडरपुरता असतो : त्याचे नोझल, त्याची नळी, त्याचा व्हॉल्व्ह किंवा त्याच्या रिंगा. आवाज एकसारखा असून ओढच नसेल, तर दोष सर्व सिलिंडरांना सामाईक असलेल्या वाटेवर शोधावा : एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, टाकी, पंप वा फवाऱ्याची वेळ. डिझेलमध्ये हवा शिरली असता मात्र आवाज अनियमितपणे तुटतो. इंजिन कधी बरे चालते, कधी आचके देते. हा फरक कानाला ओळखू येऊ लागला म्हणजे निम्म्या शंका जागेवरच गळून पडतात.

धुराची भाषा

इंजिन पुरते तापल्यावर व भार घातल्यावर धुराकडे पाहावे. थंड इंजिनाचा पहिल्या दोन-चार मिनिटांतील धूर निदानास उपयोगी नाही.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण ते जळण्यास हवा अपुरी आहे. तुंबलेला एअर क्लीनर, बिघडलेले नोझल, पंपातून वाजवीपेक्षा अधिक जाणारे डिझेल किंवा न पेलणारा भार ही त्याची कारणे होत.

पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडत आहे. त्याचा वास डोळ्यांना झोंबतो. डिझेलमध्ये पाणी, उशिरा सुटणारा फवारा, मंद नोझल किंवा दाब कमी झालेला सिलिंडर यांपैकी कारण असते. धूर वाफेसारखा असून रेडिएटरचे पाणीही घटत असेल, तर ते पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याची शंका घ्यावी.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. रिंगा, स्लीव्ह किंवा व्हॉल्व्ह-गाइड झिजल्याचे हे चिन्ह आहे. तथापि ऑइल-बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरले, तर तेही आत ओढले जाऊन निळा धूर येतो. म्हणून रिंगांचा विचार करण्यापूर्वी ती पातळी अवश्य पाहावी.

धूर मुळीच नाही आणि ओढही नाही, असे असेल तर इंजिनाला डिझेलच कमी मिळत आहे, असे समजून पुढील तपासणीस लागावे.

हवेची वाट

सव्वादोन लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी चालले, तर एका तासात लाखाहून अधिक लिटर हवा आत घेते. उन्हाळी नांगरटीची धूळ आणि मळणीयंत्राजवळ उडणारा भुसा यांतून एवढी हवा गाळून देण्याचे काम एअर क्लीनरला करावे लागते. तो तुंबला की इंजिन गुदमरते. तो गळका असला तर त्याहून वाईट. धूळ आत जाऊन रिंगा व स्लीव्ह झपाट्याने खाते.

ऑइल-बाथ पद्धतीच्या क्लीनरची वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावी. तळाशी गाळ बसला असेल किंवा ऑइल घट्ट झाले असेल, तर वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. वरची जाळीही डिझेलने धुऊन निथळू द्यावी. कागदी फिल्टर असेल, तर तो धुऊ नये, चाकावर आपटू नये. फाटला किंवा काळवंडला असल्यास बदलावा. क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी व तिचे क्लॅम्प चाचपून पाहावेत. नळीला तडा असेल, तर गाळण असून नसल्यासारखीच.

सायलेन्सर काजळीने किंवा आत शिरलेल्या मातीने तुंबला असला, तरी इंजिनाचा श्वास अडतो. तोही थंड असताना पाहून घ्यावा.

डिझेलची वाट

टाकीपासून सुरुवात करावी. समजा, ट्रॅक्टर सकाळी अर्धा तास उत्तम चालतो, मग भारात हळूहळू दम सोडतो; दहा मिनिटे उभा केला की पुन्हा चालू लागतो. येथे प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातील बारीक छिद्र मातीने बुजले असेल, तर डिझेल खाली जाते तशी आत पोकळी तयार होते व डिझेल ओढले जात नाही. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो आणि इंजिन सुधारते. एका काडीने छिद्र मोकळे करणे एवढाच त्यावर उपाय आहे. या दोषापायी इंजिन खोलले गेले, तर त्यासारखे दुर्दैव नाही.

झाकण निर्दोष असेल, तर सेडिमेंट बाउलमधील पाणी व गाळ सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी काढावा. रात्रभरात पाणी तळाशी बसलेले असते. त्यानंतर डिझेल फिल्टर पाहावेत. ते किती तास चालले याची नोंद नसेल, तर बदलणे श्रेयस्कर. फिल्टर बदलल्यावर आत राहिलेली हवा काढणे आवश्यक असते. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळावा, आणि मग पंपावरील स्क्रूच्या बाबतीत तसेच करावे. हवा पुनःपुन्हा धरत असेल, तर टाकी व फीड पंप यांमधील एखादा वॉशर किंवा नळी हवा ओढत आहे, असे समजावे. तेथे डिझेलची गळती दिसेलच असे नाही.

काम संपल्यावर सायंकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत रात्री दव धरून पाणी साचत नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पंप व नोझल यांच्या भागांना वंगण डिझेलच पुरविते. रॉकेलमुळे ते भाग लवकर झिजतात.

लंगडा सिलिंडर कसा शोधावा?

इंजिन तुटक चालत असेल, तर ही चाचणी मिस्त्रीकडून आपल्यासमोर करवून घ्यावी. इंजिन मंद चालू ठेवून एका नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट पान्याने थोडा सैल करावा. डिझेल बाहेर झिरपून त्या सिलिंडरचे पेटणे थांबते. आवाज बदलला, इंजिन अधिक लंगडले, तर तो सिलिंडर काम करीत होता असे ठरते. नट आवळून दुसऱ्याकडे वळावे. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तोच निकामी सिलिंडर होय.

येथे सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या पद्धतीच्या नोझलमधून डिझेल दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७५ ते २२० किलो दाबाने सुटते. ती बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते. नटावर जाड फडके धरावे, चष्मा लावावा, धारेच्या वाटेत हात आणू नये. डिझेल कातडीत शिरल्यास जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी विनाविलंब रुग्णालय गाठावे. कॉमन रेल पद्धतीच्या, संगणक-नियंत्रित नव्या इंजिनात दाब याच्या कित्येक पट असतो. त्यावर ही चाचणी कदापि करू नये.

निकामी सिलिंडर सापडला म्हणजे त्याचे नोझल काढून चांगल्या सिलिंडरमध्ये व तेथील नोझल या सिलिंडरमध्ये बसवावे. तांब्याचे वॉशर नवे घालावेत व उघड्या नळ्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने झाकून घ्यावीत. आता चाचणी पुन्हा करावी. दोष नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला, तर नोझल दोषी. ते तपासणी यंत्रावर तपासून दुरुस्त करावे किंवा बदलावे. दोष पहिल्याच सिलिंडरमध्ये राहिला, तर नोझल निर्दोष. पंपाचा तो भाग किंवा सिलिंडरचा दाब पाहणे प्राप्त होते.

दाबाची परीक्षा

दाब कमी झाल्याच्या काही खुणा इंजिन न उघडताही कळतात. स्टॉपचा दांडा ओढून ठेवून, म्हणजे डिझेल बंद करून, स्टार्टरने इंजिन थोडा वेळ फिरवावे. दाब सर्वत्र सारखा असेल, तर फिरण्याचा ताल सारखा राहतो. एका सिलिंडरचा दाब गेला असेल, तर त्या ठिकाणी इंजिन झटकन पुढे पळाल्याचे कानाला कळते.

ब्रेदरमधून जोराने धूर येत असेल, तर जळालेला वायू रिंगांना चुकवून खाली उतरत आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा ऑइलची दांडी दुधट फेसाने माखत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे.

यानंतरही रिंगांकडे जाण्यापूर्वी टॅपेटचे अंतर पाहणे राहते. अंतर मुळीच उरले नसेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब गळतो व व्हॉल्व्हची कड जळते. अंतर त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, फिलर गेजने मोजून ठेवावे, अंदाजाने नव्हे. इंजिन गार असताना मोजावयाचे की गरम, हेही पुस्तिकेतच पाहावे. अखेरीस दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून आकडे लिहून घ्यावेत. एकाचा आकडा इतरांहून बराच खाली असेल किंवा सर्वांचेच आकडे पुस्तिकेतील मर्यादेखाली असतील, तरच हेड उतरविण्यास आधार मिळाला असे म्हणता येईल.

एक उदाहरण

समजा, भिंगारच्या शिवारातील एका शेतकऱ्याचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर पेरणीच्या तोंडावर थरथरू लागला. मंद चालताना पांढरट धूर येतो व नांगर ओढवत नाही. कोणी सुचविले की इंजिनकाम करून घ्यावे. ट्रॅक्टर आठ-दहा दिवस अडकणार, म्हणजे वाफसा गेला.

आता क्रमाने पाहू. आवाज तुटक आहे, तोही ठराविक तालात. म्हणजे दोष एका सिलिंडरचा. एअर क्लीनर व फिल्टर सर्वांना सामाईक असल्याने संशय त्यांच्यावरून उतरला. नट सैल करण्याच्या चाचणीत दुसरा सिलिंडर निकामी ठरला. नोझलांची अदलाबदल करताच दोष पहिल्या सिलिंडरमध्ये गेला. ब्रेदरमधून धूर नाही, स्टार्टरचा ताल सारखा आहे. निष्कर्ष निघाला : एक नोझल दोषी. काम अर्ध्या दिवसाचे. अदलाबदलीनंतरही दोष दुसऱ्याच सिलिंडरमध्ये राहिला असता, स्टार्टरचा ताल तुटक निघाला असता व दाबमापकाचा आकडाही खाली आला असता, तर मात्र हेड उतरविणे योग्य ठरले असते. तेव्हाचा खर्च हा अंदाजावर केलेला खर्च झाला नसता.

या उदाहरणात एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे, हे लक्षात घ्यावे. फिल्टर, नोझल व टॅपेट एकाच दिवशी हाताळले आणि इंजिन सुधारले, तर गुण कशाने आला हे कळत नाही. ते बिघडले, तर दोष कशाने आला हेही कळत नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्याने तक्रार सांगितली की ग्रामपंचायत अधिकाऱ्याने अथवा सहायक कृषी अधिकाऱ्याने पाच प्रश्न विचारावेत. ओढ एकाएकी गेली की हळूहळू? इंजिन थंड असताना की तापल्यावर? आवाज तुटक आहे की एकसारखा? धुराचा रंग कोणता? बिघाडापूर्वी शेवटचे कोणते काम इंजिनावर झाले? एकाएकी आलेला दोष बहुधा डिझेल, हवा किंवा तुटलेला भाग यांचा असतो. महिनोन्‌महिने वाढत गेलेला दोष झिजेचा असतो. दुरुस्तीनंतर लगेच उद्भवलेला दोष त्या दुरुस्तीतच आधी शोधावा.

प्रत्येक ट्रॅक्टरमागे एक वही असावी. ऑइल, फिल्टर व एअर क्लीनर यांची तारीख व तास, दर दिवशी लागलेले डिझेल आणि वर घालावे लागलेले ऑइल एवढ्या नोंदी पुरेत. ऑइल वर घालण्याचे प्रमाण महिन्यागणिक वाढत असेल, तर रिंगांची झीज वहीच सांगते.

भिंगारच्या लोकांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. शेजारीच लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, आणि १९९४ मध्ये उभे राहिलेले रणगाडा संग्रहालयही याच परिसरात आहे. लष्करात वाहन निघण्यापूर्वी, वाटेत थांबल्यावर व परत आल्यावर अशी तीन वेळा तपासणी करण्याची शिस्त असते. ज्या गावांत लष्करातून निवृत्त झालेले चालक वा कारागीर आहेत, तेथे कार्यकर्त्यांनी त्यांना बोलावून ही तपासणी शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखवावी.

बैलांची खांदेमळणी पोळ्याच्या आदल्या दिवशी होते, कारण पुढे पेरणीचे कष्ट असतात. ट्रॅक्टरची तपासणीही त्याच सुमारास, पोळ्याच्या आठवड्यात उरकावी. झाकणाचे छिद्र, क्लीनरची वाटी, बाउलमधील पाणी, फिल्टरची तारीख, ॲक्सिलरेटरची दांडी आणि धुराचा रंग, एवढे पाहण्यास एक सकाळ पुरते. त्यात दोष आढळला, तर दुरुस्तीस अवधी मिळतो, आणि वाफसा येईल त्या दिवशी ट्रॅक्टर शेतात असतो.